दिवसाला दोन लाख अंडी!

शाळेत सर एक गोळी देतात आणि ‘गिळू नका, चावून खा’ असं बजावतात. आठवली? तीच, जंताची गोळी. नाव अल्बेंडाझोल. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. त्या दिवशी ही गोळी आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड असो की मानोरा, शाळाशाळांत पोचते.

पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो जंत असतो तरी कसा? गोल जंत 15 ते 35 सेंटिमीटर लांब वाढतो, म्हणजे तुमच्या पट्टीएवढा! मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. कोंबडीने लाजून खुराडंच सोडावं. अंडं मात्र इतकं बारीक, की एका मिलिमीटरच्या रेघेवर पंधराएक मावतील.

खरी गंमत पुढेच आहे. हे अंडं पोटात उबत नाही. शौचावाटे बाहेर पडून ते ओल्या मातीत दोन-तीन आठवडे राहिलं, तरच आत अळी तयार होते. आपल्या वाशीमची काळी चिकण माती पावसाळ्यात ओल धरून ठेवते. सोयाबीनची सोय होते, तशी अंड्यांचीही! गोट्या खेळताना माती नखात जाते, नखातून खिचडीत, खिचडीतून पोटात. मग अळी आतड्यातून रक्तात शिरते, फुफ्फुसात पोचते, घशापर्यंत चढते आणि आपण ती नकळत गिळतो. पुन्हा आतड्यात! एवढं फिरून यायचं होतं तर निघालीच कशाला, असं मला नेहमी वाटतं.

गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. ती वर्षानुवर्षं टिकतात, पाण्यातल्या क्लोरीनलाही जुमानत नाहीत. म्हणून अंडं मातीवर पडूच न देणं बरं. दोन खड्ड्यांच्या शौचालयात ते खाली खड्ड्यातच अडकतं. एक खड्डा भरला की तो झाकून दुसरा वापरतात. पण दाराला कुलूप आणि नळाला पाणी नाही, असं शौचालय काय कामाचं? पोरं मागच्या धुऱ्यावरच जाणार ना!

आणि साबण? तोही अंडं मारत नाही बरं का. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. हातावरचा तेलकट थर त्यामुळे सुटतो आणि त्यात रुतलेली माती, जंतू, अंडी पाण्याबरोबर वाहून जातात. नुसत्या पाण्याला हे नीट जमत नाही. घासायचं मात्र निदान 20 सेकंद, नखांखालीही.

आता एक गणित. शाळेत 100 मुलं, नळ चार, प्रत्येकाला फक्त 20 सेकंद. सगळ्यांचे हात धुवायला आठ मिनिटांहून जास्त लागतील, तोवर खिचडी थंड! भिंतीलगत एकच लांब पाइप टाकून त्याला दहा तोट्या बसवल्या तर? करा हिशेब आणि उत्तर मुख्याध्यापकांना दाखवा.