घरची शुश्रूषा (लेखांक 6) : गुडघ्याखालची उशी

मागच्या आठवड्यात पक्षाघातानंतरच्या शुश्रूषेबद्दल लिहिलं होतं. आज हाडांच्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा पाहू. गुडघा बदललेला किंवा खुब्याचं हाड मोडून बॉल बसवलेला पेशंट हल्ली बहुधा आठवड्याच्या आतच घरी येतो. टाके निघतात बाराव्या-चौदाव्या दिवशी. म्हणजे जखम भरणं, पुन्हा चालायला लागणं आणि रक्ताच्या गुठळीचा धोका, हे सगळं घरीच निभवायचं असतं.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीला चाप लावला. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला जीएसटी वगळून 54,720 रुपये अशी कमाल मर्यादा ठरली. तेव्हापासून सांध्याची किंमत घराघरांत बोलली जाते. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत पेशंटजवळ कोण असेल, हे मात्र डिस्चार्जच्या दिवशी आठवतं आणि मग घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो. ब्यूरोतून येणाऱ्या मावशी पेशंटला उठवतात, अंघोळ घालतात, रात्र जागवतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण पोटरी का सुजली हे ओळखण्याचं शिक्षण त्यांना कुणी दिलेलं नसतं, आणि ती अपेक्षा त्यांच्याकडून करणं अन्यायाचं आहे.

ते काम परिचारिकेचं. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यापुढे भारतीय परिचर्या परिषदेची अस्थिरोग व पुनर्वसन परिचर्येची एक वर्षाची स्वतंत्र पदविका आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्या नाशकातच आहे. राज्यभरातल्या नर्सिंगच्या पदव्या इथून दिल्या जातात. त्या शहरातल्या माणसांनी तरी येणाऱ्या सिस्टरची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी बघून घ्यावी. रोज येणं परवडत नसेल, तर पहिल्या पंधरवड्यात दिवसाआड अर्ध्या तासाची भेटही पुष्कळ काम करते.

त्या अर्ध्या तासात ती काय करते? गुडघा बदललेल्या आजी पलंगावर असतात आणि मायेने कुणीतरी त्यांच्या गुडघ्याखाली उशी सरकवलेली असते. सिस्टर ती आधी काढते. उशीने त्या घटकेला बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडत जातो आणि पुढे पाय पूर्ण सरळ होत नाही. मग माणूस नव्या सांध्यावरही लंगडतो. उशी द्यायचीच तर पोटरीखाली, टाच अधांतरी राहील अशी. त्याने गुडघा सरळ राहतो आणि टाचेला बेडसोअरही होत नाही. माझ्या मते या लेखातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल.

मग ती टेप काढते. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजते आणि वहीत लिहिते. ऑपरेशनच्या पायाला थोडी सूज असतेच. पण फरक 3 सेंटिमीटरच्या वर गेला, पोटरी दाबल्यावर दुखली, तर आत गुठळी असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं लागतं. अशा पायाला तेल लावून चोळणं जिवावर बेतू शकतं. सुटलेली गुठळी थेट फुप्फुसात जाते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न बघता 108 ला फोन करायचा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली वेदनाशामक गोळीही नको, रक्तस्राव होऊ शकतो.

खुब्याच्या पेशंटचं पथ्य निराळं. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टर सांगतील तितके आठवडे पाटावर बसणं, मांडी घालणं, खाली वाकून चप्पल उचलणं बंद. बॉल निखळू शकतो. म्हणून जाणती सिस्टर घर आधी बघून घेते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने उभे चढाचे, सिडकोच्या छोट्या घरांत संडासाचं दार इतकं अरुंद की वॉकर अडतो. दाराची रुंदी टेपने मोजावी, खाली बसायचा संडास असेल तर उंच कमोड खुर्ची आणावी आणि पलंग खालच्या मजल्यावर हलवावा, तोही डिस्चार्जच्या आधी. जिना टळणार नसेलच तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

अस्थिरोग परिचर्येचं हे शास्त्र उभं करणाऱ्यांत अ‍ॅग्नेस हंट ही इंग्लंडमधली परिचारिका होती. लहानपणीच्या खुब्याच्या आजाराने ती स्वतः अधू होती. 1900 मध्ये तिने बास्चर्च या खेड्यात अपंग मुलांसाठी शुश्रूषागृह काढलं, पुढे शल्यविशारद रॉबर्ट जोन्स तिच्या कामात आले. मुलं घरी गेल्यावर उपचार सुटतात आणि केलेलं सगळं वाया जातं, हे पाहून तिने गावोगावी फेरतपासणीची केंद्रं सुरू केली. नाशिक जिल्ह्याला तर याची फार गरज आहे. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून फेरतपासणीला शहरात येणं म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडणं. तिथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला पोटरी मोजणं, जखम पाहणं, वॉकरची उंची लावणं शिकवलं, तर बऱ्याच फेऱ्या वाचतील.

खुबा मोडलेल्या ज्येष्ठांत आणखी एक गोष्ट दिसते. ऑपरेशननंतर रात्री ते बरळतात, माणसं ओळखत नाहीत. घरचे घाबरतात, वेड लागलं म्हणतात. बहुतेकदा त्यामागे लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, वेदना किंवा एखादं औषध असतं. सिस्टर ओटीपोट तपासते, ताप बघते, गोळ्यांची यादी डॉक्टरांना वाचून दाखवते. आजोबांचा चष्मा आणि कानाचं यंत्र कपाटातून काढून त्यांना परत लावायलाही सांगते, कारण दिसेना-ऐकेनासं झालं की गोंधळ वाढतो.

खुबा एकदा मोडला की हाडं ठिसूळ झाल्याचं समजावं आणि त्याचे उपचार लगेच विचारावेत. ते पुढच्या लेखांकात.