अम्मींचा रेडिओ आणि गच्चीवरची तार

आमच्या शहागंजातल्या घरात दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक जुना स्टिरिओ आहे. सासरे हयात असताना त्यांनी तो हौसेने घेतला होता. त्यातला कॅसेट प्लेअर कधीच बंद पडला, पण रेडिओ चालू होता. फजरच्या नमाजनंतर चहाचा कप हातात घेऊन सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, रेडिओ लावत आणि घराची सकाळ सुरू होई.

गेल्या वर्षी शेजारचे बैठे घर पाडून तिथे तीन मजली इमारत उभी राहिली आणि रेडिओत नुसती खरखर ऐकू येऊ लागली. मुले म्हणाली, "दादीजान, मोबाइलवर ऐका ना!" पण अम्मींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही फार अंधुक दिसते. मोबाइलच्या सपाट काचेवर बोटाला काही लागत नाही. स्टिरिओचे गोल बटण मात्र त्या न पाहता फिरवू शकत. मी शाळेत, मुले शाळेत, आणि अम्मी दुपारभर गप्प बसून. कुणी येऊन काहीतरी लावून देईल, याची वाट पाहत. दुरुस्तीवाल्याने सांगितले, "बाजी, सेट जुना झाला, भंगारात द्या." अम्मी काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणेच मला टोचले.

दोष सेटचा नव्हता

नववीच्या वर्गात ध्वनी आणि लहरी शिकवणाऱ्या आमच्या सरांना मी सहज विचारले. त्यांनी उलट मलाच विचारले, "सेटच्या मागे अँटेना कोणता आहे?" घरी येऊन पाहिले, तर हातभर वायर कपाटामागे गुंडाळून पडलेली!

एफएमच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत येतात. मनोरा आणि आपला अँटेना यांच्यात लोखंडी सळ्यांची, सिमेंटची इमारत आली की लहरी अडतात किंवा भिंतीवर आपटून वळून येतात. सरळ आलेली आणि वळून आलेली लहर एकाच वेळी पोहोचली की आवाज फाटतो. मध्यम लहरींचे तसे नाही. त्या जमिनीला धरून दूरवर जातात आणि रात्री तर आकाशातल्या वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर पोहोचतात. म्हणूनच सासरे रात्री आकाशवाणीची १९६५ साली सुरू झालेली उर्दू सर्व्हिस घरी बसून ऐकत. त्याआधीच्या काळात रेडिओ सिलोनवरची 'बिनाका गीतमाला' लघुलहरींवर समुद्र ओलांडून येई. १९५२ पासून ती सादर करणारे अमीन सयानी २०२४ मध्ये अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा अम्मींच्या डोळ्यांत पाणी आले होते. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तिन्ही लिपींत काढत, हे मी अम्मींना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणूनच त्यांची भाषा सगळ्यांना कळायची."

हिशोब आणि तार

मग धाकट्याला सोबत घेऊन मी कामाला लागले. लहरीची लांबी मीटरमध्ये काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचे. आमच्या शहरातले आकाशवाणीचे एफएम १०१.७ वर आहे. भागाकार आला सुमारे २.९५ मीटर. साध्या अँटेनाला याच्या निम्मी लांबी लागते आणि तारेसाठी त्यातून साधारण पाच टक्के कमी करतात. म्हणजे १४० सेंटिमीटर. मधोमध तोडून ७० सेंटिमीटरचे दोन तुकडे.

विजेच्या फिटिंगची साधी तांब्याची वायर घेतली. प्लास्टिकच्या पाइपवर दोन्ही तुकडे एका रेषेत ताणून बांधले. मध्ये बोटभर अंतर सोडले. एका तुकड्याला टीव्हीच्या केबलची मधली तार आणि दुसऱ्याला तिची बाहेरची जाळी जोडली. जोडावर पाणी जाऊ नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. केबलचे दुसरे टोक स्टिरिओमागे जिथे एफएम ७५ ओहम लिहिले आहे, तिथे लावले. सगळे सामान दोनशे रुपयांच्या आत आले.

काही जुन्या सेटला ३०० ओहमचे दोन स्क्रू असतात. तिथे केबल थेट जोडू नका. पूर्वी दूरदर्शनच्या अँटेनाला लागणारा छोटा बलून मध्ये लावावा.

जागा शोधणे हेच खरे काम

अँटेना गच्चीवर नेला. धाकटा वर, मी जिन्यात आणि अम्मी खाली सेटजवळ. तारेची टोके केंद्राकडे असली तर आवाज कमी येतो. तिची आडवी बाजू केंद्राकडे हवी. आडवा धरून पाहिला, मग उभा. उभा धरल्यावर खालून अम्मींचा आवाज आला, "बस, अब हिलाना नक्को! साफ आ रहा!"

तिथेच तो कठड्याच्या लाकडी खांबाला बांधला. तरी थोडी सळसळ होतीच. स्टिरिओचे बटण मोनोवर करताच तीही गेली. कमजोर लहरीत दोन्ही स्पीकरचा वेगळा आवाज मिळवताना खरखर वाढते. बातम्या आणि गप्पांना मोनो पुरते.

मध्यम लहरींसाठी सेटसोबत तारेचे चौकोनी कडे मिळते. आम्ही ते टीव्ही, एलईडी दिवे आणि मोबाइलच्या चार्जरपासून लांब खिडकीत ठेवले आणि हळूहळू फिरवून दिशा शोधली. इन्व्हर्टर शेजारी असेल तर भुणभुण होणारच.

एवढे मात्र जपा

गच्चीवरून विजेची तार जात असेल, तर अँटेना आणि त्याचा पाइप तिच्यापासून इतका दूर ठेवा की पडला तरी तिला लागणार नाही. मुलांना एकट्याने वर पाठवू नका. पाऊस, ढगांचा गडगडाट दिसू लागला की त्याआधीच केबल सेटमधून काढून ठेवा. वीज चमकत असताना केबलला हात लावू नका. उंच लोखंडी खांब लावायचा असेल, तर अर्थिंगचे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

आता अम्मींच्या सोयीसाठी मी गोल बटणावर १०१.७ च्या जागी मेणबत्तीच्या मेणाचा छोटा ठिपका लावला आहे. त्या बोटाने चाचपून केंद्र लावतात. परवा मी शाळेतून आले, तर त्यांनीच मला बातमी सांगितली, "धरणातून पाणी सोडलंय, ऐकलंस का?" मी ऐकले नव्हते.

तुमच्याही घरात असा एखादा सेट धूळ खात पडला असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तो एकदा फिरवा आणि मागे अँटेना आहे का, ते पाहा.