मोटेतलं पाणी आणि चांभाराचा हात

मागच्या व्याख्यानात आपण सुतार-लोहारांपर्यंत आलो होतो. आज चांभार. हा विषय आपण मुद्दाम डहाणू-तलासरीच्या मुलखात काढतो आहोत, त्याचं कारण पुढे येईल.

देशावरच्या गावगाड्यात चांभार हा हक्काचा बलुतेदार. बलुतेदारांच्या याद्या गावोगाव बदलतात. कुठं तो थोरल्या ओळीत, कुठं मधल्या. पण त्याच्यावाचून शेती अडायची. वहाणा तर झाल्याच, मोठं काम मोटेचं. बैलांनी विहिरीतून पाणी ओढायचं ते कातड्याच्या मोटेतून, आणि ती शिवायची, फाटली की ठिगळ लावायचं चांभारानं. मेलेलं जनावर महारानं ओढायचं, कातडं ढोरानं कमवायचं, मग ते चांभाराकडे. मोबदला सुगीला, खळ्यावर, धान्यात.

आता गंमत बघा. (गंमत म्हणायचं एवढंच, हसू येत नाही.) त्याच मोटेचं पाणी पाटानं मळ्यात जायचं आणि तहानलेला सवर्ण शेतकरी तेच ओंजळीनं प्यायचा. चांभारानं मात्र त्या विहिरीला हात लावायचा नाही. विटाळ हा जर कातड्याचा गुण असेल, तर तो मोटेतून पाण्यात उतरायला हवा. तो उतरत नाही. म्हणजे तो वस्तूत नव्हताच. माणसामाणसांच्या नात्यात ठरवून ठेवलेला होता. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळावं, पण पिढ्यान्‌पिढ्या कुणी विचारलं नाही. निदान ज्यांना विचारायची मुभा होती, त्यांनी नाही.

युरोपातला खेड्यातला मोचीही गरीब, चेष्टेचा विषय. पण त्याच्या दुकानात लोक बसायचे, वाद घालायचे. याकोब बोमे हा जर्मन चिंतक मोचीच होता. हॉब्सबॉम आणि जोन स्कॉट यांनी १९८० साली मोच्यांच्या राजकारणावर एक मोठा लेखच लिहिला. तिथं धंदा हलका मानला जाई, हात अपवित्र नव्हे.

आता इकडे या. वारल्यांचा मुलूख, पावसावरचं भात, मोटेचे मळे फारसे नाहीत, पाय अनवाणी. बलुतेदारी इथं देशासारखी रुजली नाही. मग समता होती का? छे! लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि त्यापायी लग्नगडी म्हणून राबायचं, शिवाय वेठ. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं हजारो वारली जमले आणि वेठ नाकारली गेली. धंद्यामुळे माणूस हलका ठरतो असं म्हणणाऱ्यांनी हा तालुका पाहावा. इथं कुणी कातडं शिवत नव्हतं, तरी माणूस खाली दाबलेलाच. दोन्हीकडे सारखं होतं ते एकच: जमीन आणि खळं दुसऱ्याचं.

पुढे इंजिन आलं, मोट गेली. कारखान्यातली चप्पल आली, वहाणांचं कामही गेलं. १९५० च्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदानं अस्पृश्यता संपवली, पण गेलेलं बलुतं काही कुणी भरून दिलं नाही. आज रस्त्याकडेला बसणाऱ्या गटई कामगाराला सरकार पत्र्याचा स्टॉल देतं, आणि तो मिळतो जातीच्या दाखल्यावर. काही मंडळींना यात विसंगती दिसते. आम्हाला दिसत नाही. विहीर बंद केली होती ती जात बघूनच.

ढोर आणि मांग राहिले. ते पुढच्या वेळी.