दीडशे युनिटची रेघ

एप्रिल सरत आला की बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारच्या घरांमधून कूलर घरघरू लागतात, आणि पाठोपाठ मे महिन्याच्या बिलावरून कुरबूर सुरू होते. मार्चमध्ये चारशेच्या आत बसलेले बिल एकदम हजाराकडे सरकलेले असते. मीटर पळतोय, रीडिंगवाल्याने आकडा चुकवला, सरकारने गुपचूप दर वाढवले, अशा नाना शंका निघतात. एखादे वेळी त्यातली एखादी खरीही ठरते. पण मीटर चोख असला, रीडिंग बरोबर असले आणि दर एका पैशानेही हलला नसला, तरी बिल दुपटीहून वर जाऊ शकते. मध्य प्रदेशातल्या घरगुती विजेच्या बिलाची रचनाच तशी आहे.

बऱ्हाणपूर जिल्ह्याला वीज पुरवते ती इंदूरची पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. तिचे दर ठरवतो भोपाळचा मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग, आणि ते साधारण वर्षातून एकदा. 2024-25 च्या आदेशात घरगुती ग्राहकासाठी पहिल्या 50 युनिटना 4 रुपये 27 पैसे, 51 ते 150 पर्यंत 5 रुपये 23 पैसे, 151 ते 300 पर्यंत 6 रुपये 61 पैसे आणि त्यापुढे 6 रुपये 80 पैसे असा दर होता. त्या वर्षी एकूण दरवाढ जेमतेम 0.07 टक्के होती. पुढच्या वर्षी, 2025-26 मध्ये, ती 3.46 टक्के झाली. म्हणजे आयोगाने केलेली वाढ शंभर रुपयांमागे साडेतीन रुपयांच्याही आत. मग बिलातले चारशे-पाचशे रुपये आले कुठून?

ते आले राज्य सरकारच्या सवलतीतून, म्हणजे सवलत हातची गेल्यामुळे. 2019 मध्ये कमलनाथ सरकारच्या काळात इंदिरा गृह ज्योती योजना सुरू झाली. पुढे सरकार बदलले, नाव अटल गृह ज्योती झाले, पण गाभा तोच राहिला. महिन्याचा वापर 150 युनिटच्या आत असेल तर पहिल्या 100 युनिटचे फक्त 100 रुपये. त्यावरच्या युनिटना आयोगाचा दर. फरकाची रक्कम सरकार वीज कंपनीला देते. वापर 150 च्या पुढे गेला की मात्र सवलत नुसती कमी होत नाही, सगळीच जाते. अगदी पहिल्या युनिटपासून पूर्ण दर लागतो.

आकडे मांडून पाहावेत. 2024-25 च्या दराने 30 दिवसांत 150 युनिट जाळणाऱ्या घराला विजेपोटी पडतात 100 रुपये, अधिक 50 युनिटचे 261 रुपये 50 पैसे. एकूण 361 रुपये 50 पैसे. शेजारच्या घरात 165 युनिट जळाले, तर पहिल्या 50 चे 213 रुपये 50 पैसे, पुढच्या 100 चे 523 रुपये आणि शेवटच्या 15 चे 99 रुपये 15 पैसे, मिळून 835 रुपये 65 पैसे. फरक पंधरा युनिटचा, पण पैसे 474 रुपयांनी जास्त. दोनशे वॉटचा कूलर रात्री आठ तास चालवला तर रोज 1.6 युनिट जातात. हे पंधरा युनिट नऊ-दहा रात्रींतच संपतात. तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात पत्र्याच्या घरात कूलर ही चैन नव्हे. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे असलेल्या घरात तर मुळीच नाही.

यावर बाकीचे आकार चढतात. बिलावर ‘नियत प्रभार’ असतो. पण 150 च्या वर तो नियत राहत नाही. आयोगाच्या नियमाप्रमाणे दर 15 युनिट किंवा त्याच्या अंशामागे 0.1 किलोवॅट भार धरला जातो आणि त्या भारावर आकारणी होते. म्हणून 165 युनिटना 1.1 किलोवॅट, तर 166 युनिटना 1.2 किलोवॅट. मग येतो इंधन आणि वीजखरेदी समायोजनाचा अधिभार, बिलावरचा ‘एफपीपीएएस’. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलल्यापासून तो दर महिन्याला ठरू शकतो. कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज महागली की तो वाढतो, स्वस्त झाली तर वजाही होऊ शकतो. वर्षभराचा दर जाहीर झालेला असूनही युनिटमागे पडणारी खरी रक्कम महिन्यागणिक थोडी हलते, ती यामुळे. विद्युत शुल्क टक्क्यांत असल्याने मूळ रक्कम फुगली की तेही फुगते. एखाद्या महिन्यात ‘सुरक्षा निधि’ची वाढीव रक्कमही जोडलेली दिसते. ती अनामत असते. वीज कायदा 2003 च्या कलम 47 प्रमाणे तिच्यावर व्याज मिळायला हवे.

बिल हातात आल्यावर डोळा आधी जातो तो खालच्या मोठ्या आकड्याकडे. त्याआधी वर पाहावे: मागील रीडिंग, चालू रीडिंग, आणि दोन्हींच्या तारखा. सवलतीची पात्रता दिवसाला 5 युनिट या हिशेबाने धरतात. रीडिंग 33 दिवसांनी झाले असेल तर मर्यादा 165 होते, आणि तेच 165 युनिटचे घर सवलतीत बसते. रीडिंग 27 दिवसांनीच झाले तर मर्यादा 135 वर येते. म्हणून एकूण युनिटना दिवसांनी भागावे आणि उत्तर पाचाच्या आत असूनही सवलत दिलेली नसेल तर तक्रार करावी. रीडिंग न घेता सरासरीने बिल आले असेल, तर मीटरवरचा आकडा तारखेसह फोटोत टिपून ठेवावा. पुढे दोन-तीन महिन्यांचे युनिट एकाच बिलात कोंबले गेले तर तोच फोटो उपयोगी पडतो. तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, ही वाट कायद्यानेच दिलेली आहे.

खकनारच्या शेतकऱ्याला ठरलेली रक्कम म्हणजे काय हे ठाऊक आहे, कारण त्याच्या विहिरीवरच्या पंपाचे तसेच असते. दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या विनामीटर पंपाला वर्षाला प्रति हॉर्सपॉवर 750 रुपये. पाच हॉर्सपॉवरची मोटर असेल तर 3750 रुपये, मग केळीला पाणी कितीही लागो. घराच्या बिलाकडूनही त्याची तीच अपेक्षा असते आणि तिथेच तो फसतो.

सीमेपलीकडे धारणी किंवा रावेरला सोयरीक असलेली घरे बिलांची तुलना करतात. महावितरणचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटचे. तिथे वीज स्वस्त आहे असे नाही, पण टप्पा ओलांडला तर वाढीव दर फक्त वरच्या युनिटना लागतो, मागच्यांना नाही. इंग्लंडमधल्या मराठी घरांचा घोळ आणखी वेगळा. तिथे वर्षभरासाठी युनिटचा दर बांधून घेता येतो, आणि कंपनी वर्षाच्या वापराचा अंदाज काढून, त्याचे बारा भाग करून दरमहा बँकेतून पैसे घेते. थंडीत हीटर जास्त चालला की कंपनी अंदाज बदलते आणि दर बांधलेला असूनही हप्ता वाढतो. तिथल्या ऑफजेम या नियामकाची 2019 पासूनची कमाल मर्यादाही ठरावीक मुदतीचा दर न घेतलेल्यांसाठी आहे, आणि तीसुद्धा युनिटच्या दराला व रोजच्या स्थिर आकाराला. एकूण बिलाला नव्हे.

खकनारच्या ग्राहकाचे दुखणे मात्र अंदाजाचे नाही, रेघेचे आहे. गरीब घराला आधार म्हणून आणलेली सवलत नेमकी सर्वांत तापलेल्या महिन्यात काढून घेतली जाते, हे बरोबर नाही. एप्रिल ते जून मर्यादा 200 युनिट करता येईल, किंवा रेघ ओलांडणाऱ्याची सवलत एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने उतरवता येईल. दरवाढीच्या प्रस्तावावर आयोग हरकती मागवतो, सुनावणी घेतो. पण 150 ची मर्यादा आयोगाने आखलेली नाही, ती राज्य सरकारची आहे. त्यामुळे हे निवेदन आयोगाच्या सुनावणीत देऊन भागणार नाही. ते आमदारांमार्फत भोपाळच्या वल्लभ भवनातल्या ऊर्जा विभागाकडे जायला हवे, आणि मार्चमध्ये, कूलर बाहेर निघायच्या आधी.