खुब्याचा सांधा आणि त्याची नोंद

पोटांत घेतलेलें औषध कांहीं काळानें शरीरांतून निघून जातें. परंतु शस्त्रक्रियेनें बसविलेला कृत्रिम सांधा देहाचेंच अंग होऊन राहतो. तो सदोष निघाला तर जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा विचार आज आपण एका प्रत्यक्ष प्रकरणावरून करूं.

मांडीचें हाड कमरेच्या हाडाच्या वाटींत जेथें फिरतें, त्या जागेस आपण खुबा म्हणतों. हा सांधा झिजला म्हणजे शस्त्रवैद्य तेथें कृत्रिम गोळा व वाटी बसवितात. जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन कंपनीच्या डिप्यू शाखेनें 'एएसआर' नांवाचा असा सांधा विकला. त्याचा गोळा व वाटी हीं दोन्हीं कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचीं होतीं. धातूवर धातू घासून सूक्ष्म कण सुटत. ते भोंवतालच्या मांसास अपाय करीत, आणि धातूंचा अंश रक्तांतही मिसळे. पुष्कळ रुग्णांवर दुसऱ्यांदां शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली.

हा दोष कसा उघडकीस आला, तें लक्षांत घेण्याजोगें आहे. ऑस्ट्रेलियांत व इंग्लंडांत अशा सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही ठेवितात. पांच वर्षांच्या आंत शेंकडा 12 ते 13 रुग्णांचा सांधा बदलावा लागतो, असें इंग्लंड-वेल्सच्या नोंदींवरून दिसून आलें. ऑस्ट्रेलियांतील विक्री 2009 च्या अखेरीस थांबली, आणि 24 ऑगस्ट 2010 रोजीं कंपनीनें हा सांधा जगभरांतून परत बोलाविला. पुढें 2013 सालीं तिनें अमेरिकेंतील सुमारें 8,000 रुग्णांशीं जवळजवळ अडीच अब्ज डॉलरांची तडजोड केली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतांत हा सांधा सुमारें 4,700 शस्त्रक्रियांत वापरला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानें मुंबईंत पोलिसांकडे फिर्याद नोंदविली. केंद्र सरकारनें 2017 सालीं डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तेव्हां असें आढळलें कीं, शोध लागला तो सुमारें 1,080 रुग्णांचाच. बाकीच्यांस कळवावें तरी कोठें?

पुनःशस्त्रक्रियेचा खर्च देण्याची व्यवस्था कंपनीनें केली होती. परंतु गेलेलीं वर्षें, बुडालेली मजुरी व सोसलेल्या वेदना यांची भरपाई तेवढ्यानें होते काय? सदोष उपकरणाबद्दल भरपाई देण्याची स्पष्ट तरतूद आपल्या कायद्यांत नव्हती. सरकारनें 2018 सालीं 30 लाखांपासून सुमारें 1 कोटि 23 लाख रुपयांपर्यंत भरपाईचें प्रमाण ठरविलें. कंपनीनें त्यास दिल्ली उच्च न्यायालयांत आव्हान दिलें. 2019 सालीं, तपासणी पूर्ण झालेल्या 67 रुग्णांना प्रत्येकीं 25 लाख रुपये देण्याची तयारी तिनें न्यायालयांत दर्शविली. सांधा एकच, पण अमेरिकेंतील रुग्णाच्या व आपल्या रुग्णाच्या पदरांत पडलेला न्याय निराळा!

आमच्या शाळाखात्यांत एक साधी रीत आहे. मुलाचें नांव जनरल रजिस्टरांत एकदां चढलें म्हणजे पन्नास वर्षांनींही त्याचा दाखला निघतो. मुलाच्या जन्मतारखेची जेवढी काळजी आपण घेतों, तेवढी त्याच्या देहांत बसविलेल्या धातूची घेऊं नये काय? नोंद नसेल तर दोष कळत नाहीं. दोष कळला तरी माणूस सांपडत नाहीं. आणि माणूस सांपडला तरी पुराव्यावांचून त्याचा हक्क पांगळा राहतो.

कायदा पूर्वीपेक्षां पुढें गेला आहे. उपकरणांमुळें होणाऱ्या अपायांची नोंद घेणारी राष्ट्रीय योजना 2015 सालीं सुरू झाली. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम 1 जानेवारी 2018 पासून अमलांत आले, आणि 1 एप्रिल 2020 पासून सर्वच वैद्यकीय उपकरणें औषधांच्या कायद्याखालीं आलीं. तथापि नियम कागदावर राहतात. ते जागे ठेवण्याचें काम आपलें आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरांत घाटीच्या रुग्णालयांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. त्यांच्या नातलगांस माझें एवढेंच सांगणें आहे: शरीरांत कांहीं बसविलें असेल तर त्याचें नांव, बनविणाऱ्याचें नांव व क्रमांक घरीं सोडतांना लिहून मागा. खोक्यावरील चिठ्ठी मिळाली तर ती कागदांस चिकटवून घ्या. ज्या पेटींत सातबाराचा उतारा जपून ठेवतां, तेथेंच हा कागद ठेवा. शेताइतकाच देहही आपलाच आहे.