घोडा अधांतरी असतो तेव्हा

पुण्यात रेसचा हंगाम जुलैत सुरू होतो, म्हणजे नेमका ढगांच्या दिवसांत. घोड्यांचे फोटो काढण्याची हौस असलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सेकंदाला किती फ्रेम घेणारा कॅमेरा लागेल? जाहिरातींनाही हाच प्रश्न आवडतो. २०२३च्या अखेरीस सोनीने सेकंदाला १२० फ्रेम घेणारा कॅमेरा जाहीर केला आणि आधीचे वीस फ्रेमवाले एकदम केविलवाणे दिसू लागले. प्रकाशाबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि घोडे पेंड खाते ते तिथेच.

शर्यतीचा घोडा ताशी ६० किलोमीटरने धावतो असे धरले, तर सेकंदाला जवळपास १७ मीटर. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्यात तो २८ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. १/१००० सेकंदात पावणेदोन सेंटीमीटर. हा झाला धडाचा हिशेब. पायांचा वेगळा असतो. जमिनीवर टेकलेला खूर तेवढ्यापुरता जागच्या जागी असतो, तर पुढे झेपावणारा खूर धडाच्याही वेगाला मागे टाकतो. त्यामुळे एकाच फोटोत एक खूर कोरल्यासारखा स्पष्ट आणि दुसरा फिसकटलेला दिसू शकतो. फोकस चुकला असे वाटून असे कितीतरी चांगले फोटो उगाच डिलीट होतात.

आता प्रकाश. लख्ख उन्हात आयएसओ १०० ठेवून, साध्या झूम लेन्सच्या एफ ५.६ ला १/८०० सेकंद सहज मिळतो. आभाळ भरून आले की प्रकाश आठव्या हिश्शावर येतो आणि तोच वेग राखायला आयएसओ ८०० लागतो. सर येण्याआधीच्या काळोखीत ३२००. आयएसओ वाढवला म्हणजे सेन्सरवर जास्त प्रकाश पडतो असे नाही, जेवढा पडला तेवढ्याचाच आवाज मोठा केला जातो. फोटोत दिसणारे दाणे बरेचसे प्रकाशाचेच असतात, कारण फोटॉन मोजून-मापून येत नाहीत. अंगणात सारख्या वाट्या मांडल्या आणि पाच मिनिटे भुरभुर पाऊस झाला, तर एकीत नऊ थेंब पडतील, शेजारचीत तेरा. तासभर पडला तर फरक डोळ्याला दिसणारही नाही. सेन्सरच्या एका बिंदूवर सरासरी १०० फोटॉन पडले तर चढउतार दहाचा, म्हणजे १० टक्के. दहा हजार पडले तर चढउतार शंभरचा, म्हणजे अवघा एक टक्का. १२० फ्रेम घेतल्या तरी प्रत्येक फ्रेमच्या वाटीत थेंब तेवढेच.

प्रकाशाची ही टंचाई एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरला पुरती ठाऊक होती. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो इथे त्याने सॅली गार्डनर या घोडीचे भरधाव धावतानाचे फोटो काढले, ते १२ कॅमेरे ओळीने मांडून. विजेवर उडणाऱ्या शटरची जुळणी जॉन आयझॅक्स या रेल्वेच्या अभियंत्याने केली होती, ज्याचे नाव आज कोणी घेत नाही. तेव्हाच्या काचेच्या ओल्या प्लेटा इतक्या मंद की मायब्रिजने प्रकाशच वळवून घेतला: पाठीमागे पांढरा पडदा आणि धावपट्टीही पांढरी. घोडी बरीचशी काळ्या सावलीसारखी उमटली, पण चारही पाय जमिनीवरून सुटलेला क्षण स्पष्ट दिसला. उद्योगपती लेलँड स्टॅनफर्डने यावर २५ हजार डॉलरची पैज लावली होती, ही गोष्ट अजून रंगवून सांगितली जाते. तिला विश्वासार्ह पुरावा नाही.

खरे म्हणजे उत्तर आधीच मिळाले होते, आणि तेही कॅमेऱ्याविना. एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने घोड्याच्या खुरांखाली पोकळ रबरी गोळे बसवले आणि त्यांतून निघालेल्या नळ्या स्वाराच्या हातातल्या यंत्राला जोडल्या. खूर टेकला की गोळा दबे, हवा नळीतून धावे आणि काजळी धरलेल्या कागदावर सुई रेघ ओढे. चारही रेघा एकाच वेळी तुटल्या, की घोडा अधांतरी. मारेने हे १८७३ मध्ये पुस्तकात छापले, सॅली गार्डनरच्या पाच वर्षे आधी. स्टॅनफर्डच्या उत्सुकतेला खतपाणी मिळाले ते या कामातूनच. मारे आणि मायब्रिज दोघेही १८३० मध्ये जन्मले आणि १९०४च्या मे महिन्यात आठवड्याच्या अंतराने गेले. प्रसिद्धी मात्र एकाच्याच वाट्याला आली.

मारेच्या रेघांतून चित्रकारांची चूकही उघड होत होती. जेरिकोच्या १८२१च्या एप्सम डर्बीच्या चित्रात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून हवेत तरंगतात. धावता घोडा अधांतरी असतो तो पाय पोटाखाली गोळा झाल्यावर.

हौशी फोटोग्राफरला मारेचा उपयोग आजही आहे, कारण त्याने घोड्याची चाल तालात मांडली. दुडक्या चालीत दोन ठोके पडतात, कँटरमध्ये तीन आणि मग विसावा, भरधाव पळताना चार आणि मग विसावा. तो विसावा म्हणजेच हवेतला क्षण. डोळ्यांनी पाहून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग निघून जातो. ताल कानात बसला की बोट आधीच तयार असते.

उडीच्या स्पर्धेत भौतिकशास्त्र थोडी दयामाया दाखवते. उडीच्या शिखराच्या अलीकडे-पलीकडे सेकंदाचा दहावा भाग घेतला, तरी घोड्याचे शरीर शिखरापासून जेमतेम पाच सेंटीमीटर खाली असते. वर-खाली होणे जवळपास थांबते, उरते ते पुढे जाणे. मिनिटाला ४०० मीटर हा मोठ्या स्पर्धांतला नेहमीचा वेग, म्हणजे सेकंदाला ६.७ मीटर. अडथळ्याच्या बाजूला न थांबता जवळपास समोर उभे राहिले, तर हे सरकणेही फोटोत कमी दिसते, कारण घोडा आडवा पळत नाही, नुसता मोठा होत जातो. ढगाळ दिवशी १/५०० वर भागते. फोकस मात्र आधीच अडथळ्याच्या दांडीवर बांधून ठेवावा.

नंदुरबारजवळ सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे प्रश्न पावसाचा नसून धुळीचा. धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने त्यांच्यावर पडलेला प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेनेच विखुरतो. सूर्य पाठीशी घेतला तर धूळ मळकट दिसते. संध्याकाळी सूर्याकडे तोंड केले तर तीच पेटून उठते. अशा वेळी कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हमखास फसतो. एक्स्पोजर हाताने ठरवलेले बरे.

रात्रीच्या दिव्यांखालच्या स्पर्धेत फ्लॅश वापरायचा नसतो; अनोळखी लखलखाटाने घोडा बुजला तर स्वाराच्या जिवावर बेतू शकते. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. १/१००० सेकंदाच्या लागोपाठच्या फोटोंपैकी एक उजळ येतो, दुसरा पिवळट-काळपट, आणि दोष लेन्सला दिला जातो. नव्या कॅमेऱ्यांत यावर उपाय असतो: दिवा प्रखर होईपर्यंत कॅमेरा शटर रोखून धरतो. ही वाट फार तर १/१०० सेकंदाची, आणि तेवढ्यात उडी मारणारा घोडा सहा-सात सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. शिखरावरच्या घोड्याला तेवढे चालते.