एक निर्णय बदलला तर?

सुपरहिरोची ठरलेली कथा एकाच ठिकाणी वळवली, तर काय उरतं? एक साधं उदाहरण घेऊ.

१९६३ च्या ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या पहिल्या अंकात पीटर पार्कर ‘फँटास्टिक फोर’कडे काम मागायला जातो. इथे पगार मिळत नाही, असं कळल्यावर परत फिरतो. झालं, एवढंच! पण मार्व्हलने १९७७ साली ‘व्हॉट इफ’ ही मालिका काढली, तेव्हा पहिल्याच अंकात विचारलं: समजा, तो तिथेच राहिला असता तर? पीटरला हक्काची माणसं मिळतात खरी; पण त्याच चमूतली स्यू हळूहळू बाजूला पडते आणि शेवटी नेमॉरकडे जाते.

आता २००३ चं ‘सुपरमॅन: रेड सन’ बघा. इथे बाळ सुपरमॅनचं यान कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमधल्या सामूहिक शेतावर उतरतं. हा योगायोग, त्याचा निर्णय नव्हे. मात्र मोठेपणी सगळ्यांचं भलं करण्याच्या भरात लोकांचं स्वातंत्र्य काढून घेणं, हा निर्णय त्याचाच.

म्हणून अशा कथा वाचताना आपण ‘काय बदललं?’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘त्याची किंमत कोणी मोजली?’ हेही विचारायचं. दोन्हीकडे ती नायकापेक्षा भोवतालच्या माणसांनी जास्त मोजली आहे.